हंसाबाईची ओटी

३ मार्च, सोमवार

आज पुसदले बिऱ्हाड मांडलं. ढाणकीच्या स्टँडवर आमचे म्हातारे पिशवी धरून उभे होते, तोंड एवढंसं करून. म्हणत होते, या वयात कोणी गाव सोडते काय. मी म्हटलं, पन्नास वर्षं तुमचंच तोंड पाह्यलं, चार महिने दुसरं काही पाहू द्या. एस.टी. निघाली तसं मला हसू आवरेना.

हे मी सांगून राह्यली आणि माझी नात निकिता लिहून राह्यली. मला अक्षर येत नाही. तिचं म्हणणं, शहरात आजीला करमणार नाही, तर आजीनं रोजचं सांगावं, तिनं लिहावं, आणि गावी गेल्यावर आजोबांना वाचून दाखवावं. माझं बोलणं ती सुधारून लिहिते. मी म्हटलं, अर्धं तुझं लिही पण अर्धं माझं राहू दे, नाहीतर म्हाताऱ्याले वाटेल कोणती मास्तरीण बोलून राह्यली.

खोली छान आहे. दारापुढं कडुनिंब, अंगणात नळ. घरमालकीण जुबैदा. तिचा नवरा मोईन गाड्या दुरुस्त करतो, पोरगी अतिया कॉलेजात जाते. त्यांचे रोजे सुरू झालेत, तरी जुबैदानं आमच्यासाठी भाकरी-पिठलं करून ठेवलं होतं. निकितानं नर्सिंगचा कोर्स केला आहे. आता दवाखान्यात नोकरी लावून देणारे एजंट गाठायचे. पोरगी एकटी नको म्हणून राखणीला मी.

६ मार्च, गुरुवार

आज एजंट पाहत हिंडलो. पहिल्याचं ऑफिस मोबाईलच्या दुकानावरच्या माळ्यावर. खुर्ची एकच, तीही त्याची. तो म्हणाला, मूळ सर्टिफिकेटं ठेवून जा, कॉल येईल. मी म्हटलं, बापू, सोयरीक जुळायच्या आधीच पोरगी नेऊन बसवतोस काय? निकितानं मला चिमटा काढला. दुसरा फोनवर बोलता बोलता हातानंच बसा म्हणाला आणि हातानंच जा म्हणाला. तिसऱ्यानं सुरत, हैद्राबाद, दुबई एका दमात सांगितलं. दवाखान्याचं नाव विचारलं तर म्हणे ते पोचल्यावर कळते.

घरी येऊन निकिता रडली. हे लिहू नको म्हणते, पण मी लिहायला लावलं. तिच्या वर्गातल्या पोरी कामाला लागल्या, ही राह्यली. उन्हाळा सरेपर्यंत नोकरी नाही लागली तर लग्न उरकून टाकायचं, असं तिच्या बापानं बजावून धाडलं आहे. तो बाप माझाच लेक. त्याचा कान धरायचं वय गेलं, नाहीतर धरला असता.

१० मार्च, सोमवार

भर दुपारी दारात एक बाई आली. चाळिशीची, हिरवी साडी, खांद्याला पर्स, कपाळाला मोठं कुंकू. म्हणाली, मी हंसाबाई, पोरींना कामाला लावते, तुमच्या नातीचं ऐकलं. कोणाकडून ऐकलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. एजंट बाईमाणूस आहे, एवढ्यानंच मी खूश. तिला सर्टिफिकेटं ठेवून घ्यायची नव्हती, अंगठा नको होता, काहीच नको होतं. निकिताला फक्त विचारलं, उन्हात चालायची सवय आहे ना.

चहा केला, तिनं कप उचलला नाही. मी चिडवलं, तुमचाबी रोजा हाय काय? ती हसली नाही. चहावर साय धरली.

निघायला उठली. आपल्यात सवाष्ण पहिल्यांदा घरी आली तर तिला रिकाम्या पदरानं कोणी धाडत नाही. मी कुंकू लावलं, पदर पसरायला सांगितला, तांदूळ, नारळ, खण घालून ओटी भरली. कपाळाला बोट टेकलं तेव्हा, कसं सांगू, गार माठाला बोट लावल्यासारखं वाटलं. पदर तसाच धरून ती हुंदके देऊन रडली. म्हणाली, माझी कोणीच भरली नव्हती. मग पाया पडली आणि मला आई म्हणाली. माहेर तुटलेली दिसते बिचारी. निकिता म्हणते, आजी, तू कोणालेही लेक करतेस.

१६ मार्च, रविवार

आजपासून अतिया लिहिते. निकिताला काल हंसाबाईनं नेलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जागा आहे म्हणाली. मी स्टँडवर पोचवायला निघाली, तर म्हणाली, आई, तुम्ही उन्हात येऊ नका. निकिता एवढी हरखली होती की फाईल छातीशी धरून धावतच निघाली. गल्लीच्या वळणापर्यंत दोघी मले दिसल्या.

जुबैदा म्हणते तिनं निकिताले एकटीच जाताना पाह्यलं. बाजूले तोंड करून बोलत जाऊन राह्यली होती म्हणे. मी म्हटलं, रोज्यानं तुले घेरी आली असन.

अतिया मी बोलतो तसंच लिहिते, सुधारत नाही. मले निकिताचं टोकणं आठवते.

२० मार्च, गुरुवार

फोन येतो. आजी, काम चांगलं आहे, जेवण चांगलं आहे, काळजी करू नको. मग खोकते. मी विचारलं दवाखाना कोणता, खोलीत कोण कोण आहे. म्हणाली, काम चांगलं आहे, जेवण चांगलं आहे, काळजी करू नको. मग खोकली. काल बी हेच आणि खोकलाबी तिथंच. तिनं आजोबालेबी फोन केला, बापालेबी केला. ते खूश आहेत. म्हाताऱ्यानं मलेच समजावलं, तू उगाच खोड काढतेस. पन्नास वर्षांत ह्यांनी कोणाचं बोलणं नीट ऐकलं, ते मले ठाऊक आहे.

२३ मार्च

आज बोलता बोलता फोनात भंगारवाला ओरडला. तोच आमच्या गल्लीतबी ओरडला. त्याच दमात. मी फोन कानाशी धरून बाहेर धावली. गल्लीत नुसतं ऊन. भंगारवाला गाडा ढकलत गेला, मागं कोणी नाही. आणि कानात निकिता सांगून राह्यली, जेवण चांगलं आहे.

मोईन मले ठाण्यात घेऊन गेला. पोलीस म्हणाले, पोरगी सज्ञान आहे, रोज फोन करते, मग हरवली कुठून? त्यांनी लावला तर तिनं उचलला. त्यांच्याशीबी बोलली, तेच. त्यांनाबी आजी म्हणाली. ते हसले.

२५ मार्च

बांगड्या भरणारी भागीरथा आली होती. मी सहज हंसाबाईचं विचारलं, हिरवी साडी सांगितली. तिच्या हातातली बांगडी फुटली.

ती सांगे, हंसा इथलीच सून. फार वर्षं झाली, एका एजंटनं तिले कामाले म्हणून दूर शहरात नेलं. कोणत्या, ते घरच्यांनीबी विचारलं नाही. परत आलं ते मढं. सवाष्ण गेली की माहेरची माणसं ओटी भरतात, मगच उचलतात. सासरच्यांनी माहेरी सांगावाच धाडला नाही, घाईनं जाळून मोकळे झाले. रिकाम्या पदरानं गेली. तेव्हापासून उन्हाळा लागला की दुपारची दारोदार हिंडते, पोरीले काम देतो म्हणते. लोक पाणी देतात, दार लावून घेतात. ओटी कोणी भरत नाही. ओटी भरली की माहेर दिलं. माहेर दिलं की घरची पोर तिची बहीण झाली. मग बहीण तिच्यासंगे हिंडते.

मी विचारलं, परत घेता येते काय. भागीरथा म्हणाली, दिलेली ओटी कोण परत घेते, बाई.

२७ मार्च

हंसाबाई आता रोज येते. दुपारी. उंबऱ्यावर बसते, माहेरी आलेल्या लेकीसारखी पाय पसरून. लोणचं मागते. खात नाही. मी म्हटलं निकिता कुठं आहे. म्हणे, कामावर आहे ना, आई. पोरींच्या घराघरात फोन आता निकिताच लावते, म्हणे. तिचा आवाज गोड आहे.

अतियाले ती दिसत नाही. अतियानं लिहिता लिहिता पेन खाली ठेवला. मी म्हटलं लिही, बाई, तू लिहितेस तोवर मले धीर आहे.

२८ मार्च

आज तिच्या मागं पोरी होत्या. भिंतीलगत, ओळीनं. सगळ्या फाईल छातीशी धरून. एवढं ऊन — घाम नाही कोणाले. शेवटची माझी. हाक मारली, पाह्यलं नाही. ओठ हलून राह्यले होते. काम चांगलं आहे —

हंसाबाई म्हणाली, पलीकडच्या गल्लीत एक पोरगी आहे, नर्सिंग झालेली. आता निकिताच तिले समजावील.

२९ मार्च

जुबैदा अतियाले आत ओढून राह्यली होती. मी हात जोडले. एवढं लिहू दे.

ऐक, अतिया. माहेर मी दिलं. मग तिची आई मी. लेक माहेराहून निघाली की संगे पाठराखीण जाते — म्हातारी बाई जाते, कोवळी पोर नाही. हाच रिवाज आहे आमच्यात. निकिता चुकून गेली, माझ्या जागी गेली. हंसाबाईले आज हेच सांगतो. एजंट आहेस ना, मग माझा अर्ज घे. शिक्षण नाही. अनुभव पन्नास वर्षं, एकाच खडूस मालकाकडं. पोरीले सोड, मी येतो संगे.

आली. उंबऱ्यात उभी — ऐकून घेतलं सगळं — हसली, पहिल्यांदाच —

म्हणते, आई, वयाची अट नाही —

ओळीतून एक निघाली. फाईल पडली तिची. निकिता, तिच्याकडं पाहू नको, माझ्याकडं पाह्य, आत ये — अतिया, तिले धर, हात धर तिचा —

मले हात दिला हंसाबाईनं. थंड नाही, व. ताप असल्यावाणी —

पोरगी रडून राह्यली, आजी म्हणून राह्यली — दुसरं बोलली, पाह्य, दुसरं बोलली —

तिचा एक पाय आत आला, माझा एक बाह