पान्ह्याची गाठ

१५ नोव्हेंबर १९४४, बुधवार. सांगली

आज पुन्हा तेच. शेजारच्या कुसुमताईंचं बाळ रडायला लागलं आणि माझं पोलकं भिजलं. मी पाट्यावर चटणी वाटत होते. मनात बाळ नव्हतं, मीठ कमी पडलं का एवढंच होतं. आधी झिणझिण्या, मग ओल. रडू त्यानंतर.

आमची मुलगी बारशाआधीच गेली, महिना होत आला. दूध जात नाही. सासूबाई साताऱ्याला परतताना म्हणाल्या, "घट्ट बांधून ठेव, आटेल." बांधलंय.

पण ऐकलं तर कानानं! कानाचा छातीशी काय संबंध? मधे मेंदू आहे हे उघड. तिथून खाली निरोप कशानं जातो? मज्जातंतूंतून, की रक्तातून?

उद्यापासून कॉलेजात परत रुजू. प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर, मुलांच्या भाषेत बेडूकबाई. बेडूक फाडताना तरी डोकं जागेवर राहील.

२० नोव्हें., सोमवार

साठे सरांना विचारलं. शेजारच्या बाळाचं म्हणून नाही, आडून. सर आमच्या विभागाचे मुख्य, आडून विचारलेलं त्यांना बरोबर कळतं. फळ्यावर चित्र काढलं. मेंदूच्या बुडाशी देठाला लोंबणारी गाठ, पिट्यूटरी. पुढचा भाग, मागचा भाग. मागच्या भागाचा अर्क बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला देतात. लढाईमुळे विलायतेहून येत नाही.

"त्याच अर्कानं जनावराचा पान्हाही सुटतो, असं वाचलंय. मी पाहिलेलं नाही."

"मग पाहू या?"

चष्म्यावरून बघत राहिले. "आधी तुम्ही बऱ्या व्हा."

बरी आहे की. प्रश्न पडतायत म्हणजे बरीच आहे.

२६ नोव्हें., रविवार

दूध आलं नाही म्हणून पूल ओलांडून सांगलीवाडीला गेले. आमच्या दूधवाल्या हौसाबाई गोठ्याच्या दारात बसलेल्या. नवरा पलटणीत, इटलीकडे कुठेतरी. रेडकू मेलं. म्हैस पान्हा सोडत नाही, लाथा झाडते. कास तट्ट भरलेली, हात लावू देत नाही.

"पेंढा भरून रेडकू उभं करा, असं समदी सांगत्यात," त्या म्हणाल्या. "म्या न्हाई करायची. आदीच येडी झालीय, वर तिला फसवू व्हय?"

मी म्हटलं, इंजेक्शननं पान्हा सुटतो का बघायचं आहे, चालेल का?

"सुईनं पान्हा? त्यो काय नळ हाय?" मग हळूच, "दुकंल का तिला?"

सुईपुरतं दुखेल, आणि उपयोग होईलच असं नाही, हेही सांगितलं. हो म्हणाल्या.

२८ नोव्हें.

पिट्यूटरीसाठी जमालभाई खाटकांकडून बकऱ्यांची डोकी आणली. ह्यांना रात्री जेवताना सांगितलं. ताट बाजूला सारलं, मग पुन्हा ओढलं. "गाठी टिकवायला अॅसिटोन लागेल ना?" हे रसायन शिकवतात. कपाटाची किल्ली ह्यांच्याकडेच.

गाठ कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली. हरभऱ्याहून लहान. एवढीशी, आणि लपवून ठेवलीय केवढी! पहिल्या तीन माझ्या हातून चिरडल्या.

३ डिसें., रविवार

सर शेवटी तयार होऊन बरोबर आले, पण फसलं. टोचलं, वाट पाहिली, म्हशीनं शेपटीनं सरांचा चष्मा उडवला. एवढंच झालं.

परतताना सर म्हणाले, गाठी आणेपर्यंत नासल्या असणार. शिवाय पुढचा भाग नीट सुटा केला नव्हता. ते माझं काम होतं. आता डोकं खाटकाच्या दुकानातच फोडून गाठ तिथंच अॅसिटोनमध्ये टाकायची. जमालभाईंना विचारायला हवं.

६ डिसें., बुधवार

जमालभाईंनी दुकानामागे फळी दिली. "बाई, तुम्ही बसा. कोणी काय म्हणालं तर मला सांगा." बसले. गिऱ्हाइकं वाकून बघत होती. एक ओळखीचे वकील मला पाहून मटण न घेताच गेले.

मागचा भाग वेगळा, वाळवून पूड. पातळ अॅसेटिक आम्लात उकळून गाळलं. पाण्यासारखं निघालं, किंचित पिवळट. हेच का ते?

१० डिसें., रविवार. रात्री नाही, संध्याकाळीच लिहितेय, थांबवत नाही

आधी नुसतं मिठाचं पाणी टोचायचं, हा माझा हट्ट. हौसाबाई म्हणाल्या, "पानीच, तर टोचताय कशाला?"

"सुईनंच काही होतं का ते कळायला."

काही झालं नाही. लाथ मात्र बसली, बादलीला.

मग अर्क, मानेच्या शिरेत. सर घड्याळ काढतायत तोच सड ताठ. म्हैस लाथ विसरून उभी. एका सडातून आपोआप थेंब गळला, दुसऱ्यातून गळला. हौसाबाई चरवी घेऊन खाली बसल्या आणि धार लागली. तो आवाज! सर लहान मुलासारखे हसत होते. मीही.

हौसाबाई हसल्या नाहीत. पिळता पिळता म्हणाल्या, "आवं बाई, हिला रेडकू आल्यावानी वाटलं आसंल का? का नुसतंच दूध आलं?"

सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "ते म्हैसच सांगेल."

म्हैस सांगणार नाही. मी सांगू शकते. मला तर

१४ डिसें., गुरुवार

केलं. दुपारी, प्रयोगशाळेत, मुलं गेल्यावर. म्हशीच्या मानानं अगदी थोडा अर्क, पुन्हा उकळून, माझ्याच दंडात. सर मिरजेला गेले होते, म्हणूनच आज.

चेहरा गार पडला. पोटात कळ, बाळंतपणातल्यासारखीच. टेबल धरून बसले. मग झिणझिण्या, मग ओल.

आणि मनात? नीट लक्ष ठेवलं होतं. खिडकीतून शिपाई सायकल पुसताना दिसत होता, तो दिसत राहिला. फडकं निळं होतं. मुलगी आठवली नाही. दुःख आलं नाही, मायाही नाही. दूध आलं, आणि कशासाठी आलं ते त्याच्याबरोबर आलंच नाही.

हौसाबाईंना उत्तर मिळालं असं म्हणायचं का? एकाच बाईवरून?

त्याच रात्री

ह्यांना दंडावरचा डाग दिसला. खोटं बोलले नाही.

"काय केलंस हे? बोकडाच्या डोक्यातलं टोचून घेतलंस?" मग आवाज खाली आला. "तुला काही झालं असतं तर? एक तर आधीच गेली."

ते असं पहिल्यांदा बोलले. इतके दिवस मी समजत होते, ह्यांना फारसं लागलेलं नाही. मग म्हणाले, ह्यांनी तिचं नाव ठरवलं होतं. बारशाच्या दिवशी सांगणार होते. मला सांगितलं. दोघंही तेच नाव घेत बसलो. इथं लिहीत नाही.

आता छातीला काही झालं नाही. रडू मात्र आलं.

१६ डिसें., शनिवार

सरांना सांगितलं. खूप रागावले. "मेल्या असतात तर मी काय लिहून दिलं असतं?" पुन्हा असं केलं तर गाठींना हात लावू देणार नाहीत. कबूल केलं.

रागावून झाल्यावर खुर्ची पुढे ओढली. "बरं, कळ आधी की झिणझिण्या आधी?"

२४ डिसें., रविवार

म्हशीला आता सुई लागत नाही! चार-पाच वेळा टोचलं, दर वेळी हौसाबाई शेजारी बसून काहीबाही बोलायच्या. परवा सुईआधीच, त्यांचा आवाज ऐकून सड ताठ झाले. म्हणजे मेंदूनं नवी वाट धरली. रेडकाच्या जागी हौसाबाईंचा आवाज.

"काय बोलता तिच्याशी?"

"मालकाचं. पत्र आलं का न्हाई, आलं तर काय लिवलंय. दुसरं कुनाशी बोलू?"

माहेरची खबर ऐकणाऱ्या सासुरवाशिणीसारखी ती म्हैस मान पुढे करून ऐकत होती. हे शास्त्र नाही. पण ऐकत होती.

२ जाने. १९४५, मंगळवार

आज एक गोष्ट कळली आणि सगळं उलटं झालं.

जमालभाईंना सहज म्हटलं, शेळ्यांच्या गाठी मिळाल्यानं फार काम झालं. ते हसायलाच लागले. "शेळी कोण कापतं, बाई? शेळी दूध देते, पिल्लं देते. आम्ही बोकडच कापतो. तुम्ही नेलेत ते सगळे बोकड."

सगळे! ह्यांनी त्या रात्री रागानं बोकड म्हटलं होतं, ते मी कानाआड केलं. ती जाड शिंगं रोज पाहत होते, गाठीपलीकडे लक्षच नाही. म्हैस पान्हावली ती बोकडाच्या अर्कानं. मीही.

धावत सरांकडे. सर म्हणाले, "नराला पान्हा नाही, गर्भाशय नाही. मग त्याच्या डोक्यात हे कशासाठी?"

"कशासाठी, सर?"

"माहीत नाही." आणि किती खुशीत म्हणाले!

७ जाने., रविवार

पुढचं काम ठरलं. जमालभाई म्हातारी, भाकड शेळी आली की कळवणार. तिची गाठ आणि बोकडाची गाठ, सारख्या वजनाची पूड, सारखा अर्क. बोकडाच्या गाठीत कमी भरतं की तितकंच? म्हैस मात्र दुसरी हवी. हौसाबाईंची आता आपल्या उपयोगाची नाही, हे त्यांना सांगितलं तर केवढ्या हसल्या.

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर ह्यांना सगळं सांगितलं. पुरुषाच्या डोक्यातही हेच असणार, म्हटलं. तुमच्याही.

हे पाण्याकडे बघत होते. "मी तिला एकदाच घेतलं होतं. सुईण आत गेली तेव्हा."

"मग काय झालं?"

"काय म्हणजे?"

"काय वाटलं? कुठं वाटलं? आठवून सांगा."

छातीवर हात ठेवला, मग काढला, मग पोटाशी नेला. "इथं कुठंतरी. नाही, इथं नाही." पुन्हा हात वर. "थांब, सांगतो."

अजून सांगितलेलं नाही. मी लिहितेय आणि हे शेजारी बसलेत, शोधतायत. मी घाई करत नाही.