जुन्या पत्त्यावरचा शेवटचा ग्राहक

मेहकर, १४ मे २००९

प्रिय तुळशीराम,

तू फोन नंबर बदललास आणि कळवायला विसरलास, म्हणून हे पत्र. पत्ता मामीकडून काढला. तिच्यापासून काही लपत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

माझी नोकरी तीच. गावोगावच्या कॉम्प्युटरांना इंटरनेटची वाट सांगणारी आमची दोन यंत्रं आहेत, नेमसर्व्हर. कुणी साइटचं नाव टाकलं की ती कुठल्या आकड्यावर राहते ते ही सांगतात. महिन्यापूर्वी या दोघांचेच आकडे बदलले. साहेबांनी मुहूर्त काढला, नारळ फोडला, पेढे स्वतःच खाल्ले. बहुतेक कॉम्प्युटरांना नवे आकडे आपोआप कळले. ज्यांच्यात ते हातानं भरलेले, ते जुन्याच दारावर येत राहिले. म्हणून जुन्या आकड्यावरचं एक यंत्र मी चालू ठेवलं आणि एकेकाला फोन करून आकडे बदलायला लावले. चारशेचे चाळीस झाले, आता एकच उरलाय. रोज सकाळी सहाला येतो, सोयाबीनचे भाव पाहतो, जातो. डोणगावचा आहे. आडनाव आपलंच.

रविवारी घरी गेले होते. बाबांनी मला कॉम्प्युटरला हातही लावू दिला नाही. "जनके, दूर सरक. त्यानं लावून देल्लं, थोच बदलीन." मी म्हटलं, बाबा, शेती सोडून पुण्याले चालला तर परत तोंड दाखवू नको, असं तुम्हीच त्याले म्हटलं होतं नं? तर म्हणतात, "तोंड काऊन दाखवा लागते? आकडे बदलाचे हाय." चार वर्षांत तुझा विषय न काढलेला माणूस!

साहेबांना जुनं यंत्र बंद करायची घाई आहे. 'जुन्या पत्त्यावर अजून महत्त्वाचे ग्राहक आहेत' असं लिहून देऊन मी तीस तारखेपर्यंत मुदत घेतली. त्यापुढे मिळायची नाही. नेट बंद पडलं तर बाबा कुणाकडे तक्रार करणार नाहीत. कॉम्प्युटर पोत्यात बांधून माळ्यावर टाकतील. आणि तुला बोलवायला त्यांच्यापाशी दुसरं निमित्त नाही. म्हणून लिहिते आहे. तीसच्या आत ये. ते काही बोलणार नाहीत, तूही बोलू नको. सरळ कॉम्प्युटरपाशी बस. नवे आकडे या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिले आहेत. फक्त काम जरा सावकाश कर.

तुझीच,
जनकाताई