ड्राफ्टमधली मेल

३ मार्च
नवा फोन आला! मोबाइलवाल्याने माझी मेल त्यात चालू करून दिली. पासवर्ड तोंडपाठ होता — आमच्या जुन्या मांजरीचं नाव. लेकीने तिच्या लॅपटॉपवर खातं काढून दिलं, तेव्हा तिनेच ठेवलेला. आता गिऱ्हाइकांच्या खिडक्यांची मापं थेट हातात येतील, पडदे शिवताना सारखं उठायला नको.

खातं आणखी दोन ठिकाणी चालू आहे म्हणे. एक जुना फोन — तो ह्यांच्या चष्म्याच्या दुकानात गाणी ऐकायला गेलाय. दुसरा कुठला तरी कॉम्प्युटर. दुकानातलाच असणार. मोबाइलवाला म्हणाला, काढून टाकू का? म्हटलं, राहू दे. तो काय आपलं खातोय!

६ मार्च
गंमतच आहे. न वाचलेली मेल ठळक दिसते, वाचली की फिकी. आज लेकीची मेल आली ती फिकीच! मी तर उघडलीही नव्हती. गिऱ्हाइकांच्या मेल मात्र सगळ्या ठळक. नेमकी लेकीचीच कोण वाचतंय?

मला नसत्या चौकशांची खोड आहेच. आता चैन पडायची नाही.

७ मार्च
मोबाइलवाल्याला गाठलं. एका ठिकाणी वाचली की सगळीकडे वाचलेली दिसते. म्हणजे जुना फोन. म्हणजे हे!

दोन वर्षं झाली. लेकीने दुकानात बसायचं नाकारलं, दुसऱ्या गावी नोकरी धरली. ह्यांनी दारातच सुनावलं, "गेलीस तर बाप मेला असं समज." तेव्हापासून ह्यांच्या तोंडून तिचं नाव नाही. तिचा फोन आला की उठून गॅलरीत जातात. आणि दुकानात बसून चोरून मेल वाचतात! हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं.

९ मार्च
जेवताना खडा टाकून पाहिला. म्हटलं, लेकीला ताप होता, आता बरी आहे. हे पटकन म्हणाले, "खोकला आहे अजून." मग ताटाकडे बघत बसले.

खोकल्याचं मी कुठे बोलले होते? मी ह्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

१२ मार्च
एका गिऱ्हाइकाला लिहायला घेतलेली मेल अर्धवट राहिली होती, म्हणून ड्राफ्ट उघडले. शेजारी दुसरी एक मेल, लेकीला लिहायला घेतलेली. आत एकच शब्द — "बाळ".

पाठवली नाही म्हणजे कुणाला दिसायची नाही, असं ह्यांना वाटतंय. ड्राफ्टही सगळीकडे दिसतात हे ह्या भोळ्या सांबाला कुठे ठाऊक!

१३ मार्च
"बाळ, खोकला कसा आहे."

१५ मार्च
मशीन चालवता चालवता फोन बघते. एक पडदा वीतभर आखूड झाला. दुपारी नवी ओळ होती — "दुकानातली तुझी खुर्ची कुणाला दिली नाही." संध्याकाळी ती पुसलेली. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना विचार करताना पहिल्यांदाच पाहतेय.

१८ मार्च
"मी बोललो ते चुकलं."

मशीन थांबवून पुन्हा वाचलं. ह्या माणसाने हे लिहिलं! पण पाठवत नाहीत. माझं बोट दोनदा बटणापर्यंत गेलं. मी दाबलं आणि ह्यांना कळलं, तर पुन्हा तोंडाला कुलूप. शब्द ह्यांचा, धाडायचा तोही ह्यांनीच. जीव मात्र टांगणीला लागलाय.

२१ मार्च
अजून तिथेच. उद्या हीही ओळ पुसतील अशी धास्ती वाटते.

डबा द्यायला दुकानात गेले. सहज म्हटलं, ह्या कॉम्प्युटरवर माझी मेल दिसते का? हे दचकले. मग म्हणाले, "ह्याला इंटरनेट कधी जोडलंच नाही." खरंच, त्यात नुसते लोकांच्या चष्म्यांचे नंबर. मग तो दुसरा कॉम्प्युटर कोणाचा?

२२ मार्च
ह्यांच्या ओळीखाली आज नवी ओळ आहे. ह्यांची नव्हे. माझीही नव्हे.

"बाबा, खोकला गेला. आता पाठवू नका, रविवारी घरीच येते. माझी खुर्ची पुसून ठेवा."

खुर्चीची ओळ तर ह्यांनी त्याच दिवशी पुसली होती!