बशीत रक्त नसतं

४ ऑगस्ट
प्रयोगशाळेत हेपॅरिन घातलेल्या काचेच्या बशीतल्या पेशी आजही तगल्या! बाकीच्या बश्यांतल्या पेशी विषाणूनं संपवल्या. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते हे औषध. पण बशीत रक्त नाहीच — विषाणू पेशीला धरण्याआधी औषधालाच चिकटून बसतो. आमच्या मॅडम म्हणाल्या, हुरळून जाऊ नकोस, बशीला रक्तस्राव होत नाही.

६ ऑगस्ट
दादाला दवाखान्यात दाखल केलं. तोच विषाणू. दिवसभर बस चालवणारा माणूस — उठून बसला तरी धाप लागते. मला म्हणाला, तुझ्या बशीत जागा आहे का? वहिनी हसली नाही.

७ ऑगस्ट
डॉक्टरांनी बाजूला घेतलं. गुठळ्या टाळण्यापुरतं हेपॅरिन चालूच आहे. मोठा डोस दिला तर फुप्फुसांची सूजही कदाचित उतरेल. अजून श्वासाच्या यंत्रावर न गेलेल्या काहींना फायदा दिसलाय. रक्तस्रावाचा धोका आहे — थोड्यांनाच, पण आहे.
दादा ग्लानीत होता. वहिनीला सगळं समजावलं, धोक्यासकट. ती म्हणाली, "वन्सं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही म्हणाल ते."
मी हो म्हटलं.

९ ऑगस्ट
ऑक्सिजन कमी केला! सूपमध्ये मीठ नाही म्हणून दादा नर्सशी भांडला म्हणे. जीव भांड्यात पडला.

१० ऑगस्ट
डोकं दुखतंय म्हणतो.

११ ऑगस्ट
मेंदूत रक्तस्राव. दुपारी गेला.
औषधामुळे की आजारामुळे, नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि माझ्याकडे बघत राहिले — जणू मला सांगता येईल.

१४ ऑगस्ट
कामावर गेले. पेशी जिवंत. ती बशी भिंतीवर आपटावीशी वाटली. परत उबेच्या कपाटात ठेवली.
वहिनी मला एका शब्दानंही बोलली नाही. घालूनपाडून बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं माझं ताट वाढलं, आणि स्वतः न जेवता भिंतीला टेकून खोकत बसली.

१६ ऑगस्ट
वहिनीला दाखल केलं. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला — मोठा डोस द्यायचा का. मी तिला म्हटलं, या वेळी मला नको विचारूस, तुझ्या भावाला विचार.
तिनं मास्क खाली ओढला. "तुम्हीच सांगा, वन्सं. फक्त माझं मन राखायला सांगू नका." डॉक्टर उत्तरासाठी थांबले होते.
मी हो म्हटलं.