दोन्ही हात आडवे

बाबा,

तुमची नात गेंटमध्ये सायकलवरून पडली. कोपर सोललं, बाकी काही नाही. हे आधी सांगते, कारण तुम्ही रजेवर आलात की घरात कुणाला काय लागलंय, दुखलंय ते आधी विचारायचात आणि मग बॅग उघडायचात. गेंट बेल्जियममध्ये आहे. तिथे आम्ही चौघे सायकलींवरून हिंडत होतो: मी, तुम्ही न पाहिलेले तुमचे जावई, मुलगा आणि मुलगी. जेद्दाहमध्ये ऊन असह्य होतं त्या दिवसांत शाळेला सुट्टी असते. यंदा गावाला न जाता युरोपातली शहरं बघायची असं ठरलं, आणि ती गाडीच्या काचेतून नाही, सायकलवरून. तुमचा पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या मालकाच्या, कपाटात असायचा. आमचे आमच्याच कपाटात असतात, माझ्या साड्यांखाली. व्हिसा लागून आले तेव्हा मी ते जेवणाच्या टेबलावर मांडले आणि थोडा वेळ तसेच राहू दिले.

आम्ही जेद्दाहच्या अल अझीझिया भागात राहतो. मी इथल्या शाळेत शिकवते. राबिघ इथून फार लांब नाही. उत्तरेच्या रस्त्याने जाताना रिफायनरीची धुराडी दिसतात आणि मी मुलांना दर वेळी सांगते की आजोबा तिथे रिगर होते. क्रेनला ओझं बांधायचे आणि खालून नुसत्या हातांच्या खुणांनी ते उचलायला, वळवायला, टेकवायला सांगायचे. मुलगा हल्ली माझ्याआधी हे सगळं इंग्रजीत म्हणून टाकतो. मुलगी खिडकीला नाक लावून बघते.

तिला जन्मापासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांत मशीन आहे, त्यावर तिची शाळा, भांडणं, गाणी सगळं चालतं. पण सायकलवर बसलं की मशीनमध्ये वारा शिरतो, आणि मग तिला वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. मागून कितीही हाका मारा. जावई म्हणत होते, तिच्यासाठी सायकल नकोच, दुसरं काहीतरी बघू. भीतीने म्हणत होते. मला तेव्हा तुमचे हात आठवले.

मी लहान आहे, तुम्ही रजेवर आला आहात. अंगणातल्या फणसाच्या फांदीला तुम्ही कप्पी बांधली आहे आणि दोरीला पाण्याने भरलेली बादली. दादा दोरी ओढतो, मी खाली उभी राहून खुणा करते. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळवा खाली धरून हात आडवा हलवला की थांब. दोन्ही हात आडवे पसरले की सगळं जिथल्या तिथे, श्वाससुद्धा. बादली फांदीवर आपटेल म्हणून मी खुणा विसरून दादाला ओरडले. तुम्ही दोरी आपल्या हातात घेतलीत. म्हणालात, "तोंड बंद. तिथे क्रेनवाल्याला तोंड ऐकू येत नाही." पुढे मी साहित्य शिकले. कमी शब्दांत काम भागवावं असं आमचे प्राध्यापक सांगत. मला ते आधीच माहीत होतं.

त्याच रजेत, आई भाकऱ्या थापत होती आणि तुम्ही चुलीशेजारी पाटावर बसून तिला तुमच्या कामाचा एक नियम सांगत होतात. उचलण्याची, वळवण्याची खूण एकाच माणसाने करायची, बाकी कुणाची क्रेनवाला मानत नाही. पण थांबण्याची खूण कुणीही करावी, आणि ती मानायचीच. एकदा यार्ड झाडणाऱ्या माणसाने भलतंच काही समजून हात आडवे केले. एवढा मोठा पाइप अधांतरी थांबला. धोका काहीच नव्हता. फोरमन त्याच्यावर धावून गेला तेव्हा तुम्ही मध्ये उभे राहिलात, आणि नंतर त्या माणसाला चहाला घेऊन गेलात. आईने विचारलं की चूक त्याची होती, मग चहा कशाला. तुम्ही म्हणालात, "आज ओरडलो तर उद्या खरं काही दिसलं तरी तो हात वर करणार नाही."

मी हे सगळं सायकलवर आणलं. शुक्रवारी सकाळी अझीझियातल्या गल्ल्या रिकाम्या असतात, दुकानांची शटर खाली असतात. त्या वेळी आम्ही ओळीने सायकली चालवायचो. मीही, अबायाचा पायघोळ झगा गुडघ्याशी बांधून. तुमच्या काळात या देशात हे दृश्य तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात. मुलगी सगळ्यांत पुढे, कारण तिला मागचं ऐकू येत नाही पण पुढचं आमच्या सगळ्यांपेक्षा आधी दिसतं. ती खूण करणार, आम्ही मानणार. तुमच्या खुणा मी एका हाताच्या करून घेतल्या. दोन्ही हातांची तेवढी वगळली. ती तिला माहीत होती, आजोबांच्या गोष्टीतली म्हणून.

तरीही नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला पोचल्यावर जावयांचा धीर सुटला. तिथे पुढे लाकडी खोका असलेल्या सायकली भाड्याने मिळतात, त्या खोक्यात लहान मुलं बसतात. त्यांनी तिला त्यात बसवलं. दहा वर्षांची मुलगी. तिने दोन्ही कानांतली मशीन काढली, मुठीत धरली आणि समोर बघत बसली. आता तिच्याशी कुणी वाद घालू शकत नव्हतं. संध्याकाळी जावई स्वतःच दुकानात गेले आणि तिच्या उंचीची सायकल घेऊन आले. पण एका अटीवर. काहीही झालं, तर परत खोका.

गेंटमध्ये आम्ही एका अरुंद गल्लीतून चाललो होतो. ती पुढे, मागे मुलगा, मग मी, शेवटी जावई. गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे कोपऱ्यावर सामानाची गाडी उभी आहे, पलीकडचं काही दिसत नाही. मुलगा कंटाळला आहे, तिला मागे टाकून पुढे निसटण्याच्या बेतात आहे. ती गाडीच्या आडून जरा पुढे जाते, आणि तिला ट्राम दिसते. तिने हँडल सोडलं आणि दोन्ही हात आडवे पसरले, खांद्यांच्या रेषेत, तळवे खाली. तिकडच्या सायकलींना पॅडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो, म्हणून ती थांबली. थांबलेली सायकल हातांशिवाय उभी राहत नाही, म्हणून पडली. आम्ही तिघे जागच्या जागी थांबलो. ट्रामसुद्धा थांबली. काचेमागचा चालक अर्धवट उठून बघत होता. रुळांच्या अलीकडे बसल्या बसल्या ती त्याच्याकडे वळली आणि हाताने त्याला खूण केली, गाडी जाऊ दे. तो गेला.

दोन्ही हात सोडतं का कुणी, असं जावई पुन्हा पुन्हा म्हणत होते. तिने त्यांचे ओठ वाचले आणि शांतपणे म्हणाली, "पप्पा, इमर्जन्सी एका हाताने होत नाही. आणि तुम्ही सगळे थांबलात ना?"

मुलाने तिची सायकल उचलून हँडल सरळ केलं. "थँक्स, क्रेन मॅडम," म्हणाला. चिडवत म्हणाला, पण बघत होता रुळांकडे. तो रुळांपासून किती जवळ होता ते त्याला कळलं होतं.

अट अट होती. जावई खोक्याची सायकल कुठे मिळेल ते फोनवर शोधायला लागले. मी त्यांना तिथेच, फुटपाथवर, यार्ड झाडणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी ती ऐकली नव्हती. त्यांनी तिच्या कोपराकडे पाहिलं. मग फोन खिशात ठेवून म्हणाले, "आधी पट्टी बांधू. मग ती पुढे." जवळच्या दुकानातून त्यांनी तिच्यासाठी गरम चॉकलेट आणलं. चहा ती पीत नाही.

बाबा, राबिघच्या कॅम्पच्या पत्त्यावर आई सांगायची ती पत्रं मी लिहायचे. ती काहीही सांगो, शेवटी इकडे सर्व ठीक आहे असं माझ्या मनाने घालायचे. आता तुम्ही नाही, हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, तेव्हा तसं लिहायची गरज नाही. शाळेतल्या बायका विचारतात, गेंट कसं आहे. मी त्यांना कालव्यांबद्दल सांगते, तिथल्या तीन उंच मनोऱ्यांबद्दल सांगते. मुलगी पुन्हा पुढे निघाली तेव्हापासून परत येईपर्यंत मी तिच्या हातांवरून नजर काढली नव्हती. मनोरे मी घरी आल्यावर फोटोत पाहिले.