फ्लँडर्सचं न झालेलं लग्न

४ सप्टेंबर १९७८, सोमवार
इतिहास मंडळाने अखेर माझं व्याख्यान धरलं. २५ ऑक्टोबर, गावचा हॉल. विषय : 'राजपुत्र एडमंडचं फ्लँडर्सच्या मार्गारेटशी लग्न झालं असतं तर?' सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "झालं नाही ना? मग त्यावर तासभर काय बोलणार?" अशा माणसांमुळेच इतिहास मागे पडतो.

वास्तविक एडमंड आमच्याच बाजूचा. शेजारच्या लँगलीत जन्मला, तिथेच पुरलेला. बाप इंग्लंडचा राजा, नवरी फ्लँडर्सची वारस. डोव्हरला बोलणी झाली, करार झाला, सगळं जमलं आणि नातं जवळचं पडतं म्हणून पोपने परवानगी नाकारली. पुढे त्याच पोपने फ्रेंच राजपुत्राला मात्र तशाच नात्यात मार्गारेटशी लग्नाची परवानगी बिनदिक्कत दिली! सहाशे वर्षं उलटली. मला अजून स्वस्थता नाही.

निश्चय : व्याख्यान संपताच हेस्टरला लग्नाचं विचारायचं. तिथल्या तिथे. प्रोजेक्टरवर स्लाइड तीच बदलणार, म्हणजे समोरच असेल. भाषणाच्या शेवटच्या पानावर सुरुवात लिहूनही टाकली : "आणि आता, हेस्टर..." पुढचं सुचेल.

१० सप्टेंबर, रविवार
रोझलिंडचा फोन. लेक चांगली आहे, काव्य कमी. म्हणाली, "बाबा, आत्ता कोट घाला, चालत जा आणि विचारा. दोन गल्ल्या तर आहेत!" तिला समजावलं, की घाईत घातलेली मागणी मोठमोठ्या राजांनाही लाभलेली नाही. तर म्हणे, "आणि त्या मार्गारेटला कुणी विचारलं होतं का?"
साधनांत उल्लेख नाही. विषयांतर.

१३ सप्टेंबर, बुधवार
हेस्टरकडे चहा. नवरा कोलबेक गेल्यापासून एकटीच असते. फ्लँडर्सच्या बस-सहलीचं माहितीपत्रक मुद्दाम मागवून नेलं होतं. डोव्हरहून बोट, मग ब्रुज, मग गेंट. 'नवदांपत्यांना खास सवलत' या ओळीखाली पेन्सिलीची बारीक रेघ. सूचक. हेस्टर हरखली. "मी कधी समुद्र ओलांडलाच नाही हो!" पत्रक तिने घड्याळामागे नीट उभं केलं.

सगळं सुरळीत चाललं असताना विल्फ टॅन्सली बूट न काढता आत. पूर्वी बस चालवायचा, हल्ली हेस्टरच्या छताची पन्हळ साफ करतो. "काय मास्तर, पोपने दिली का परवानगी?" आणि केकचे तीन तुकडे.

हेस्टर म्हणाली, "हिवाळ्यात घर फार मोठं वाटतं हो, ॲम्ब्रोझ." मी तिला एडमंडच्या काळी किल्ले कसे ऊबदार ठेवत ते सविस्तर सांगितलं. विल्फ म्हणाला, तुमचा बॉयलर बघून देतो. त्याला मुद्दाच कळला नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी
हेस्टर दारात. आत ये म्हटलं तर आली नाही. हातमोजे काढत होती, घालत होती. "ॲम्ब्रोझ, तुम्हाला माझ्याशी काही बोलायचंय का? असलं तर या आठवड्यात बोला."
"आहे ना," म्हटलं. "तिसरी स्लाइड. मार्गारेट उलटी येतेय."
हातमोजे घातले. मग गेली.
जवळजवळ बोललोच होतो! पण योजना म्हणजे योजना. दुपारभर घरात करमेना. खुर्ची खिडकीशी नेली, परत आणली. शेवटी शाळेत पाठ केलेली सरदाराची कविता खड्या आवाजात म्हणत शेतातून फिरलो. चौथीत मास्तरांनी पाठ थोपटली होती ती हीच. एक मेंढी शेवटपर्यंत ऐकत होती.

२४ सप्टेंबर, रविवार
मोठा शोध! पाद्रीसाहेब चर्चमध्ये कुणाच्या तरी लग्नाची घोषणा वाचत होते. नावं ऐकली नाहीत. 'कोणाची हरकत असल्यास बोलावे' एवढं कानावर पडलं आणि डोक्यात वीज चमकली. आमच्याकडे साध्या कारकुनाचं लग्नसुद्धा तीन रविवार असं वाचून दाखवतात. हरकत काढायला, मिटवायला माणसाला केवढा अवधी! एडमंडला असे तीन रविवार मिळते, तर पोपचं मन वळलं नसतं? मुद्दा तिथेच भजनांच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर टिपला.

बाहेर पडताना लोक माझ्याकडे वळून वळून बघत होते. बेकरीवाल्या मिसेस ऑडलींनी तर हात दाबला. "धीराचे आहात हो तुम्ही!" व्याख्यानाची हवा झालेली दिसते.

१ ऑक्टोबर, रविवार
सुगीचा सण. वेदीपुढे धान्याच्या पेंढ्या, सफरचंदं आणि मधोमध विल्फचा भोपळा, तान्ह्या मुलाएवढा. माणसाने किती मिरवावं!

घोषणा चालू होत्या तेव्हा मी ऱ्हाइन नदीपर्यंत इंग्लिश राज्य पसरवत होतो. एडमंड आणि मार्गारेट सिंहासनावर. लोकरीचा व्यापार आपला, चार वाजता सगळीकडे चहा, फ्रेंच लोक मुकाट रांगेत उभे.

दारात हेस्टरने गाठलं. "आज दुसऱ्यांदा झालं, ॲम्ब्रोझ. तुम्ही काहीच बोलला नाहीत."
"पंचवीस तारखेला बोलणार," म्हटलं. "सगळ्यांसमोर."
"सगळ्यांसमोर कशाला?" म्हणाली. मग माझ्या बाहीला चिकटलेली गव्हाची काडी काढली. "बरं."
वाट बघतेय. स्पष्टच आहे.

५ ऑक्टोबर, गुरुवार
नवा सूट की जुना? जुना. नको, नवा. नव्याला कसर लागलीय. जुना.

८ ऑक्टोबर, रविवार
आज ऐकलं. 'विल्फ्रेड टॅन्सली, विधुर, आणि हेस्टर कोलबेक, विधवा, दोघेही याच गावचे. ही तिसरी आणि शेवटची घोषणा.'

मग ती शांतता. हरकतीसाठी ठेवलेली.

मी उठलो. कसा ते माहीत नाही. बाकं करकरली, टोप्या वळल्या, पाद्रीसाहेबांचा चष्मा नाकावर घसरला. हेस्टरने मात्र मागे पाहिलं नाही. नुसती मान ताठ झाली.  मी खिडकीपर्यंत चालत गेलो आणि म्हणालो, "वारा येतोय."
खिडकी बंदच होती. पुन्हा बंद केली.

बाहेर विल्फने दोन्ही हात धरले. "मास्तर, घाम फोडलात! म्हटलं, पोपच उठला की काय!" हेस्टर हसली नाही. हळूच म्हणाली, "लग्नात एखादी कविता म्हणाल ना? तुमच्याइतकं पाठ कुणालाच नाही." म्हणेन म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रोझलिंडचा फोन. "अहो बाबा, मग पहिल्या दोन रविवारी तुम्ही होतात कुठे?"
"तिसऱ्या बाकावर," म्हटलं.


९ ऑक्टोबर, सोमवार
विचारांती : माणसं लग्न ठरवतात आणि मग कचरतातही. इतिहासात अशी उदाहरणं भरपूर. अजून दिवस आहेत.

२१ ऑक्टोबर, शनिवार
कचरले नाहीत.

कविता म्हटली. एकदाही अडखळलो नाही. सरदार धारातीर्थी पडतो ते शेवटचं कडवं लग्नात शोभेल का, हे आधी लक्षात आलं नव्हतं. मिसेस ऑडली रडल्या. हेस्टरही, थोडीशी. कवितेमुळेच असावं.

तीन वाजता दोघं डोव्हरकडे निघाली. बोटीने फ्लँडर्स. ब्रुज, मग गेंट. विल्फने गाडीच्या खिडकीतून तेच पत्रक हलवलं. "सवलत मिळाली हो मास्तर! तुमची रेघ होती म्हणून दिसली!"

२५ ऑक्टोबर, बुधवार
व्याख्यान झालं. श्रोते मोजके. स्लाइड मीच बदलत होतो. बोलायचं, धावत प्रोजेक्टरकडे जायचं, परत यायचं. तिसरी स्लाइड उलटी. मार्गारेट डोक्यावर उभी. सेक्रेटरीणबाईंनी विचारलं, "मग त्या एडमंडने पुढे काय केलं?" सांगितलं, दुसरीकडे लग्न केलं. एकदा नव्हे, दोनदा. "म्हणजे अगदीच काही बिघडलं नाही," म्हणाल्या.

घाईघाईने शेवटच्या पानावर आलो. ते पान काढायचं राहून गेलं होतं. सवयीने वाचलंही, मोठ्याने, पुढे लिहिल्याप्रमाणे थांबून : "आणि आता, हेस्टर..."

सगळे प्रोजेक्टरशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागले.

"...असती," मी म्हणालो, "तर स्लाइड सरळ दिसल्या असत्या."

टाळ्या झाल्या. खुर्च्या मीच आवरल्या.