आबांच्या ओव्यांची दुसरी प्रत

१० जानेवारी
“ह्या डबीत माजा आवाज कुटं बसतो गं?” आबांनी विचारलं. मी बीएस्सी कॉम्प्युटर, घरातली पहिली ग्रॅज्युएट— आणि मला सांगता आलं नाही! तबकडी, चुंबक असं काहीतरी बोलले. आबा हसले, “म्हंजे तुला बी ठावं न्हाई!”

खरंच नाही. पण त्यांच्या बिरोबाच्या ओव्या आता त्या काळ्या हार्ड डिस्कमध्ये आहेत. वर्षभर मेंढरांमागं फिरून मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. आबांच्या घशातल्या गाठीचं मिरजेत ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, बोलतील, गाण्याची खात्री नाही.

१३ जानेवारी
कॉम्प्युटर भरलेला. ओव्या डिस्कवर आहेत म्हणून इथल्या पुसून टाकल्या, मोबाइलवरच्या तर आधीच पुसल्या होत्या. कसं सुटसुटीत वाटलं!

१५ जानेवारी
डिस्क उघडेना! बघते तर केबलच्या खाचेत पिवळं. आईनं ती देव्हाऱ्यात ठेवून भंडारा उधळलेला.

“नवी वस्तू हाय, देवाला दावली. त्यात काय वाईट?”

चूक माझीच. एकुलती एक प्रत, आणि मी तिला बॅकअप म्हणत होते! कोरड्या ब्रशनं खाच साफ केली. केबल पुन्हा लावली. उघडली! आबांचा आवाज घरभर.

“बघ, भंडाऱ्यानंच चालू झाली,” आई म्हणाली.

१८ जानेवारी
दुसरी डिस्क आणली, प्रत केली, एकूण एक ओवी ऐकून तपासली. पण दोन्ही एकाच घरात नकोत. वडूजच्या लालासाहेबांकडे कॉम्प्युटर आहे, तिथं एक ठेवू म्हटलं— आबा उसळलेच! जत्रेत दोघांची मंडळं समोरासमोर उभी राहतात. ओवीला ओवीनं उत्तर.

“त्या गड्याला माज्या ओव्या? मलाच म्हणून दाखवंल की त्यो!”

“कुणीतरी म्हणेल तरी, आबा.”

आबांनी डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, “ठिव जा. पर कुलूप घाल.”

पासवर्ड घातला.

२५ जानेवारी
ऑपरेशन नीट झालं. आबा हळू बोलतात. सूर मात्र लागत नाही. डॉक्टर म्हणाले, आता असंच राहील.

डिस्कवरून मोबाइलवर घेतलेली त्यांची ओवी वॉर्डात लावली. शेजारच्या खाटेवरचे फौजी काका उठून बसले. “कोण म्हणतंय हे? लय भारी!”

आबांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. मग माझ्याकडे दाखवून कुजबुजले, “अन् हिनं राखलं.”

पदवी मिळाली त्या दिवशीसुद्धा माझी मान एवढी ताठ झाली नव्हती.

२ फेब्रुवारी
वडूजला जाऊन आले. आबांचा सूर गेला, मग कुलपातल्या ओव्या म्हणणार कोण? पासवर्ड काढूनच डिस्क लालासाहेबांच्या हातात दिली. म्हटलं, “काका, यंदा जत्रेत ह्या तुम्ही म्हणा. आबा समोर बसून चुका काढतील.”